टेबलावरचं दुसरं पान

१

दुपारची गर्दी ओसरली की रणधीर मिलिटरी हॉटेलात वसुमतीचं खरं काम सुरू व्हायचं. पानं उचलायची. नाव मिलिटरी असलं तरी फौजेचा आणि त्याचा काही संबंध नाही. बेंगळुरात मटणाच्या खाणावळीला तसंच म्हणतात. सर्जापूर रोडच्या आत, पाण्याचे टँकर उभे राहतात त्या मैदानाला लागून हे हॉटेल. केळीच्या पानावर नाचणीचा वाफाळता उंडा, बाजूला खिम्याचे गोळे, वर पातळ सार. माणसं खाऊन, ढेकर देऊन निघून जातात, आणि मागं पानं उरतात.

पान बघून वसूला माणूस कळायचा. पोट भरलं, अन्न गोड लागलं, की वरची कड धरून पान आपल्याकडं दुमडायचं. म्हणजे या घरी मी पुन्हा जेवायला येईन. तेराव्याच्या पंगतीत मात्र उलटं. तिथं खालची कड धरून पान आपल्यापासून लांब दुमडतात, अशा जेवणाला पुन्हा यायला लागू नये म्हणून. वसू आनेकलच्या जुन्या मराठा घरातली. तिला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कंपनीतली पुण्या-मुंबईची पोरं मात्र पान तसंच उघडं टाकायची, आणि फोन बघत उठायची.

गल्ल्यावर कृष्णात बसायचा. गडहिंग्लजकडचा, एकटा जीव. हॉटेलात लागला त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यानं पान झटक्यात लांब दुमडलं, आणि वसू ओरडलीच.

"अय्यो मामा! कुणाच्या तेराव्याला बसलाय?"

"मग कसं दुमडू बाई? आमच्याकडं ताटात जेवतात. ताट दुमडत न्हाई."

"आपल्याकडं ओढायचं. म्हणजे परत येणार."

"परत न येऊन जातोय कुठं? पगार हितंच मिळतोय."

तेव्हापासून तो रोज पान दुमडताना मोठ्यानं सांगायचा, "बघ गं वसू, उद्या येणार." नाचणीचा उंडा गिळायचा असतो, चावायचा नसतो, हे मात्र त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. तो उंड्याच्या मधोमध बोटानं खळगा करायचा, भातात आमटीला करतात तसा, आणि त्यात सार ओतून चावून चावून खायचा. पोरं हसायची. वसूच्या लेकीला, शिवूला, तो गल्ल्यातली बडीशेप कागदात बांधून पाठवायचा.

असा माणूस. एका दुपारी त्याचं पान वसूनं दुमडलं, तिथंच चुकलं.

२

त्या सकाळी कृष्णातची आणि संताजीअण्णाची तोंडातोंडी झाली होती. संताजी म्हणजे तिथला म्हातारा आचारी. मटण शिळं आलंय, मी चुलीवर चढवणार नाही, असं म्हणून त्यानं सुरी पाटावर आपटली. कृष्णातही गल्ल्यावरून ओरडला, "मटण मी आणतो काय? माझ्यावर का भुंकतोस?" सगळ्या हॉटेलानं ऐकलं. दुपारपर्यंत दोघं विसरले, पण ऐकणारे विसरले नाहीत.

कृष्णात सगळ्यांच्या शेवटी जेवायचा, फॅमिली रूममध्ये. पडद्याआडची बिनखिडकीची खोली, एक टेबल, चार खुर्च्या. गिऱ्हाइकाला संकोच नको म्हणून मालकानं तिथं कॅमेरा लावला नव्हता. त्या दुपारी शटर अर्धं खाली होतं. संताजीअण्णा मागं चिंचेखाली पोत्यावर आडवा झाला होता. वसू मोरीत पातेली घासत होती. आणि दोड्डवरू आले.

दोड्डवरू म्हणजे थोरले. त्यांचं नाव कुणी घ्यायचं नाही. टँकर त्यांचे, मैदान त्यांचं. त्यांच्यासमोर हॉटेलचा मालकसुद्धा खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरायचा. वसूचा नवरा अभिमन्यू त्यांचाच टँकर चालवायचा. ते पडदा सारून आत गेले. मालकानं स्वतः पान वाढलं आणि तो बाहेर निघून गेला.

वसूला आतून बोलणं ऐकू आलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग नळ.

तिनं मान वर केली. दोड्डवरू बेसिनपाशी हात धूत होते. पंजे नव्हे, कोपरापर्यंत हात. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. टॉवेलला पुसत तिच्याकडं बघून हसले.

"मगळू चन्नागिद्दाळा?" लेक बरी आहे ना? "शिवू. अंगणवाडीत जाते ती."

"हं, दोड्डवरू."

"टेबल क्लीन माडम्मा." टेबल साफ कर. आणि ते गेले.

वसू बादली घेऊन आत गेली. कृष्णात भिंतीला डोकं टेकून बसला होता, जेवून डुलकी काढावी तसा. टेबलावर दोन पानं. दोड्डवरूंचं चाटून पुसून साफ, आपल्याकडं नीट दुमडलेलं. कृष्णातचं उघडंच, अर्धा उंडा शिल्लक, खळग्यात सार.

"मामा, पान उचलू?" तिनं विचारलं, पानाकडं बघत.

"हं," तो म्हणाला.

तिनं सवयीनं वरची कड धरली, त्याच्याकडं ओढून पान दुमडलं, आणि दोन्ही पानं बादलीत टाकली. टेबलावर फडका मारला. टेबलाखाली पाय चिकटला तेव्हा तिनं पहिल्यांदा माणसाकडं पाहिलं.

डॉक्टर पुढं म्हणाले, वार झाल्यावर तो क्षणभरही जगला नसेल. म्हणजे ती आत गेली तेव्हा तिथं बोलायला कुणी नव्हतंच. वसू मनाला समजावत राहिली: आपणच विचारलं, आपणच हुंकार भरला. सवयच तशी.

३

अंजली मॅडम सब-इन्स्पेक्टर होत्या, वसूच्याच वयाच्या असतील. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. गल्ल्यामागं मालक उभा होता, कृष्णातच्या जागेवर.

"घाबरू नको. टेबल तू आवरलंस?"

"हो मॅडम."

"पानं कुठायत?"

"गोठ्याची गाडी येते, ती घेऊन गेली. गुरांना."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग हळू आवाजात विचारलं, "किती पानं होती?"

बाहेर टँकर सुरू झाला होता. त्याची थरथर फरशीतून पायाला लागत होती. वसूला अंगणवाडीचं निळं फाटक दिसलं. फाटकाची कडी बाहेरूनही निघते, हे तिनं बाईंना किती वेळा सांगितलं होतं.

"एकच," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की मॅडम. मामा एकटाच जेवतो."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या, बहुतेक त्या 'जेवतो'मुळं. मग पुढं गेल्या.

एकच पान, म्हणजे कृष्णात एकटा होता. एकटा होता, म्हणजे मागून कुणीतरी आतलाच आला. टेबलाखाली सापडलेली सुरी संताजीची, भांडण संताजीचं, आणि पोत्यावर झोपलेल्या म्हाताऱ्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन पानं म्हटलं असतं तर? सोबत कुणीतरी जेवायला बसलं होतं एवढं तरी उघड झालं असतं. आणि संताजीअण्णा हॉटेलातलं काही खायचा नाही, हे कुणीही सांगितलं असतं. मुलगा वारल्यापासून त्यानं मटण सोडलं होतं. रोज दुसऱ्यांसाठी रांधायचा, स्वतः घरून डब्यात दहीभात आणायचा.

अण्णाला गाडीत बसवलं. त्यानं वसूकडं पाहिलं नाही. दोन्ही हात पुढं धरून तो चुलीशी शेकत असल्यासारखा बसला होता, अंगठ्यावरचा तेलानं भाजल्याचा जुना डाग पांढरा पडलेला.

घरी अभिमन्यू भाकरी मोडत म्हणाला, "तू काय बघितलंस?"

"मी..."

"काही नाही. तू काही नाही बघितलंस. पातेलं घासत होतीस."

"संताजीअण्णाला नेलं हो."

"सोडतील की. म्हातारा माणूस. कोर्टाला डोळे नाहीत काय?" मग खाली बघून म्हणाला, "आज टँकरच्या चाव्या देताना दोड्डवरूंनी शिवूची चौकशी केली. नावानं."



४

दारात कोहळा फोडून, लिंबं चिरडून मालकानं हॉटेल पुन्हा उघडलं. फॅमिली रूमला कुलूप होतं. गिऱ्हाईक थोडं बिचकलं, मग आलं. मटण चांगलं असलं की माणसं फार काळ बिचकत नाहीत.

त्या दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर एचएसआर लेआउटकडचा एक पोरगा जेवून उठला. त्याचं पान नेहमीसारखं उघडं. समोरच्या जागी आणखी एक पान होतं. दुमडलेलं, खुर्चीकडं ओढून.

वसूला वाटलं, आधीचं राहिलं असेल. पण तिनं ते टेबल स्वतः पुसलं होतं.

"सर, सोबत कोण होतं?" तिनं हिंदीत विचारलं.

पोरगा मराठीतच म्हणाला, "कुणी नाही. एकटाच होतो. का हो?"

"काही नाही. सरी, सरी." बरं, बरं.

तिनं पान उचललं. गरम होतं. नुकतं जेवून उठल्यावर असतं तसं, तळहाताला वाफ लागली. वाढप्याला विचारलं तर तो खेकसला, "एक माणूस, एक पान. मी काय येडा आहे काय अक्का?"

दुसऱ्या दिवशी ते अलीकडच्या टेबलावर होतं. एक म्हातारा गिऱ्हाईक, पानं दोन. त्यानंतर आणखी अलीकडं. वसूनं स्वतःला सांगितलं, की आपली झोप होत नाही, शिवूला ताप आहे, डोकं ठिकाणावर नाही. दुमडलेलं पान ती न उघडता थेट बादलीत टाकायला लागली. एकदा मात्र ते हातातून निसटून फरशीवर पडलं, आणि उघडलं.

अर्धा उंडा. मधोमध बोटानं केलेला खळगा. खळग्यात सार.

तिनं ते तसंच, हातांनी गोळा केलं. कुणी बघितलं नाही ना, म्हणून मागं पाहिलं. मालक गल्ल्यावर होता. तो बघत होता, पण पानाकडं नाही, तिच्याकडं.

५

वसू कामावर असताना शिवूला गोजराक्का सांभाळायच्या. संताजीअण्णाची बायको. भिंतीला भिंत लागून खोली. अण्णाला नेल्यावरही त्यांनी शिवूला एक दिवस नाही म्हटलं नाही.

"पोरगी आहे म्हणून घर आहे," त्या म्हणायच्या. "नाहीतर मी भिंतीशी बोलत बसले असते. भिंत बरी, उलटं उत्तर देत नाही तुझ्या अण्णासारखं."

रोज दहीभात कालवायच्या. वर मोहरीची फोडणी, कडेला स्वतःच्या हातचं लिंबाचं लोणचं.

"जेलात घरचं घेत नाहीत म्हणे. मी नेलं होतं. दारावरचा म्हणाला, आजी, घेऊन जा. डबा तसाच परत. तरी करते बाई. सवय मोडली तर तो सुटून आल्यावर उपाशी राहील." शिवूच्या तोंडात घास घालत त्या हसल्या. "गोळ्या तरी वेळेवर देतात की नाही कोण जाणे. छातीचं दुखणं सांगायचा नाही तो कुणाला. मला लग्नानंतर किती वर्षांनी सांगितलं, की त्याला माझी भाजी खारट लागते!"

शिवू म्हणाली, "आजी, अण्णा कधी येणार?"

"येईल की. वकील म्हणतो, कुणीतरी बघितलेलं पाहिजे." मग सहज, शिवूचं तोंड पुसता पुसता, त्यांनी मान वळवली. "वसू, तू होतीस ना गं आत? काहीच दिसलं नाही तुला?"

"नाही अक्का."

"हौदा? असं होय?" त्या म्हणाल्या. "बरंच झालं बाई. असलं बघू नये. लेकुरवाळी तू."

वसू आपल्या खोलीत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. गोजराक्कांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

६

पान आता मोरीशेजारच्या टेबलावर यायला लागलं होतं. त्या टेबलावर कुणी बसायचंच नाही. तिथं ती तांबे पालथे घालून ठेवायची. तांब्यांच्या मधोमध जागा केलेली असायची, आणि तिथं पान. कुणी येताना नाही, जाताना नाही. ती पातेल्यातून मान वर करायची आणि ते असायचंच.

'बघ गं वसू, उद्या येणार.'

तिला वाटायचं, मी ते पान लांब दुमडलं असतं तर? मेलेल्या माणसाचं होतं, तसंच दुमडायला हवं होतं. मीच त्याला आपल्याकडं ओढलं, मीच परत ये म्हटलं. मग वाटायचं, हे सगळं खोटं. तो पानासाठी येत नाही. मी एक पान पोटात ठेवलंय, आणि ते बाहेर पडायला बघतंय. डोकं असं दोन्हीकडून ओढलं जायचं, आणि मधे शिवू उभी असायची, केसांना लाल रिबीन बांधून.

एका सकाळी तिनं कामावर दांडी मारली. शिवूचं बोट धरून पोलिस ठाण्याच्या रस्त्याला लागली. मनात घोकत होती, दोन, मॅडम, दोन. त्यापुढं काही बोलायची गरज नव्हती.

ठाण्यासमोर गुलमोहराखाली ती थांबली. आत अंजली मॅडम दिसत होत्या, कुणाशी तरी बोलत. वीस पावलांचाही रस्ता नव्हता.

"आई, बाबा!" शिवू ओरडली.

पाण्याचा टँकर रस्त्यानं येत होता. अभिमन्यू चालवत होता. त्याच्या शेजारी दोड्डवरूंचा माणूस बसला होता. अभिमन्यूनं तिला पाहिलं, ठाणं पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला, की वसूनं त्याच्यासोबतच्या सगळ्या वर्षांत तसा पाहिलेला नव्हता. शेजारचा माणूस शिवूला हात हलवत होता. शिवूही हलवायला लागली.

"चल," वसू म्हणाली. "अंगणवाडीला उशीर झाला."

उद्या येऊ, तिनं ठरवलं. शिवूला आनेकलला आईकडं ठेवू, आणि उद्या येऊ. एका दिवसानं काय बिघडतंय?

७

दुसऱ्या दिवशी ती शिवूला आनेकलला सोडायला निघणार, तर मालक स्वतः दारात.

"दोड्डवरू जेवायला आलेत. तुला बोलावलंय. पोरगी राहू दे शेजारच्या आजीकडं."

फॅमिली रूमचं कुलूप काढलं होतं. फरशी नव्यानं घासलेली. फिनेलचा वास, त्याखाली साराचा. टेबलावर समोरासमोर दोन पानं मांडलेली होती.

"कूतको," दोड्डवरू म्हणाले. बस. त्यांनी बोट दाखवलं ती कृष्णातची जागा होती.

वसू खुर्चीच्या कडेला टेकली.

ते शांतपणे जेवत होते. मोठ्या माणसाला शोभेल असं, बोटांच्या पेरांवर अन्न न येऊ देता. "शिवूला इंग्लिश शाळेत घालूया. मी बोलतो. फी-बी तू बघू नको. तुझं शिक्षण किती?"

"सातवी."

"मग तुला कळेल, शाळा सुटली की काय होतं." त्यांनी घास गिळला. "काल कुठं गेली होतीस?"

"औषध आणायला."

"सरी." ते हसले. "त्या दिवशी इथं किती पानं होती?"

 गोजराक्कांच्या हातचा घास, तोंड वासून बसलेली शिवू, निळं फाटक.

"एकच, दोड्डवरू."

"शाणी आहेस. शाळेचं सांगतो मी. चालेल ना?"

"सरी," ती म्हणाली. आणि तो शब्द तोंडातून गेला तेव्हाच तिला कळलं, की उद्या ती ठाण्यात जाणार नव्हती. परवाही नाही.

दोड्डवरूंनी पान आपल्याकडं दुमडलं. वसूनं आपलं न उष्टावलेलं पान उचलायला हात पुढं केला.

टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला तिसरं पान होतं.

आधी तिला वाटलं, कृष्णातच. पण त्यावर उंडा नव्हता, खिमा नव्हता. पांढरा भात होता, वर मोहरी, आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. या हॉटेलात दहीभात कधी होत नाही.

पानाची खालची कड उचलली गेली. सावकाश, म्हाताऱ्या हातानं उचलावी तशी. ती वर गेली, लांब गेली, आणि भात झाकला गेला. दुमडलेल्या कडेवर एक अंगठा दाबून राहिला होता. अंगठ्यावर तेलानं भाजल्याचा जुना डाग, पांढरा.

वसूनं वर पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. त्याही वेळी तिनं पानाकडंच पाहिलं, माणसाकडं नाही.

"काय बघतेस?" दोड्डवरू म्हणाले.

"पानं," ती म्हणाली.

"किती आहेत?"

"तीन."

त्यांचा हात टॉवेलवर थांबला. त्यांनी टेबलाकडं पाहिलं, पहिलं पान, दुसरं पान, आणि मग त्यांची नजर भिंतीकडच्या जागेला वळसा घालून, बसलेल्या माणसाच्या बाजूनं जाताना घालतो तसा, दाराकडं गेली. ते उठले. हात न धुताच बाहेर पडले.

८

वसू घरापर्यंत कशी आली, तिचं तिला आठवत नाही. ऊन होतं, टँकर येत-जात होते, चपला कुठंतरी राहिल्या होत्या. एवढंच डोक्यात होतं, की पान लांब दुमडलेलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत.

गोजराक्कांच्या खोलीचं दार उघडं होतं. शिवू मांडी घालून बसली होती. समोर स्टीलच्या ताटलीत दहीभात.

"आलीस? लवकर सोडलं आज?" गोजराक्का म्हणाल्या. "अशी भूत बघितल्यासारखी काय उभी? चपला कुठं घालवल्यास? बस, जेव. आज लोणचं बघ कसं मुरलंय. अण्णाला असलंच लागतं."

"अक्का..."

"आधी खा, मग बोल. रिकाम्या पोटी बायका खोटं बोलतात, असं तुझा अण्णा म्हणतो." त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

वसू भिंतीपाशी बसली. दोन होती अक्का, दोन पानं होती. इतकंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते, अगदी दातांपाशी. काल आले असते तर. परवा आले असते तर.

फळीवरचा फोन वाजायला लागला.

"बघ गं कोण ते," गोजराक्का म्हणाल्या. त्यांची बोटं भातानं माखलेली होती, घास शिवूच्या तोंडासमोर धरलेला. "वकील असेल. आज तारखेचं कळवणार होता. उचल की, वाजतोय!"

वसू उठली. फळी उंच नव्हती, तरी हात पुरेना. शेवटी तिनं फोन उचलला. पलीकडचा माणूस कन्नडात बोलत होता, सरकारी, सावकाश आवाजात. जेलमधून बोलतोय म्हणाला. संताजीच्या घरचं कोण बोलतंय, त्यानं विचारलं.

वसूनं फोन कानाला तसाच धरला, आणि वळून गोजराक्कांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्या अजून हसत होत्या.